करवतबाईंच्या वर्गातला ‘ला’

शाळेत तिला सगळे करवत म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती. दुसरीच्या पोरांना ती शब्द कापून पुन्हा जोडायला शिकवायची, म्हणून ते नाव पडलं. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत एकही माणूस तिच्या जिभेच्या तावडीतून सुटला नव्हता, म्हणून ते टिकलं.

तिचा धडा फळ्यावर नसे. बाकं भिंतीला सरकवायची आणि मुलांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवायचे. झाड, दगड, नदी, वही हे मूळ शब्द जागेवर उभे. ‘ला’, ‘ने’, ‘त’ हे प्रत्यय मोकळे. त्यांनी धावत जाऊन शब्दाला चिकटायचं. झाडाने आधी हात लांब करायचा, तो काना. मग ‘ला’ने तो हात धरायचा, की झालं ‘झाडाला’. नदीला मात्र हात काढावा लागत नाही. कुठे हात मागायचा नि कुठे नाही, हे धावणाऱ्याला ठाऊक हवं. म्हणून ते पुठ्ठे चलाख पोरांनाच मिळत, आणि ‘ला’ कायम एकाच मुलीला. ती करवतची पुतणी, धाकट्या जावेची लेक.

धाकटी जाऊ त्याच शाळेत पलीकडच्या तुकडीवर शिकवायची. दोघी एकाच घरात खाली-वर राहत आणि एकमेकींचं तोंड बघत नसत. भांडण कशावरून जुंपलं ते एकीलाही धड आठवत नव्हतं, पण तेवढ्यासाठी ते सोडून देतील तर त्या कसल्या जावा!

एका दुपारी जाऊ लेकीला वर्गातून ओढत हेडमास्तरांकडे घेऊन गेली. मागोमाग करवतही पोचली.

“सर, माझ्या मुलीला या रोज शेपूट करतात. लोकांची पोरं ऐटीत झाडं नि नद्या, आणि हिने त्यांच्या मागे पळायचं! घरचा राग पोरीवर काढतात.”

हेडमास्तर दोघींना घाबरून होते. “बाई, काही कारण असेल तर सांगा. नाहीतर तिची तुकडी बदलू.”

कारण अगदी जिभेवर होतं. वर्गात हिच्याइतकी हुशार पोर दुसरी नाही, एवढं म्हटलं की मिटलं. पण ते या बयेसमोर म्हणायचं? उद्या शाळाभर मिरवेल मेली!

“माझा वर्ग आहे,” करवत म्हणाली. “आणि यांच्या लेकीला तेवढंच जमतं.”

पोर आईच्या पदराआडून ऐकत होती. तिने गळ्यातला पुठ्ठा काढला आणि सरांच्या टेबलावर पालथा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती आईच्या वर्गात बसू लागली. करवतच्या वर्गात नवा ‘ला’ नदीपुढेही हात मागत उभा राहिला आणि सगळ्यांनी बोलणी खाल्ली.

त्याच संध्याकाळी करवतने पोरीला घरच्या जिन्यात गाठलं. कोणाची मनधरणी करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे आवाज दरडावल्यासारखाच निघाला.

“ऐक गं. ‘ला’ सगळ्यात अवघड असतो. तू हुशार, म्हणून तुला दिला होता.”

पोर भिंतीला चिकटली. “मग तेव्हा सरांना का नाही सांगितलंत?”

कालपर्यंत ‘अगं काकू’ म्हणत गळ्यात पडणारी पोर अहो-जाहोवर आली होती. आणि उत्तरासाठी ती थांबलीही नाही.