टाकीची आरती

आमच्या गिरणीच्या इंजिनाचा धूर बंद झाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पोखर्णीच्या रस्त्यावर आमची पिठाची गिरणी होती. लाइटचा भरवसा नाही, नामांतराच्या बंदमध्ये परभणीहून डिझेल येईना. तेव्हा एका कंपनीचे साहेब जीपमधून आले आणि गिरणीच्या दारापुढे, उघड्यावर, एक उभी लोखंडी टाकी चाचणीसाठी बसवून गेले. टाकीत राखाडी खडे. त्यांवर पाण्याची बारीक धार सोडली की क्षणात गॅस सुटायचा आणि इंजिन धडाडायचं. सायलेन्सरमधून धुराऐवजी पाणी ठिबकायचं, स्वच्छ आणि कोमट. आमच्या ह्यांना कोण आनंद! मला त्या ठिबकण्याची भीतीच वाटायची. सासूबाईंनी मात्र ते पाणी तांब्यात धरून देवापाशी नेऊन ठेवलं.

जाण्यापूर्वी साहेबांनी एक गोष्ट करून दाखवली. भर उन्हात टाकीच्या तोटीला काडी लावली. काहीच पेटलेलं दिसेना. मग माझ्या हातातली केरसुणी घेऊन त्यांनी त्या रिकाम्या हवेत धरली, आणि तिचं टोक भडकलं.

"ह्याची आग उन्हात दिसत नाही. शंका आली तर आधी केरसुणी पुढे करा, हात नाही."

हे हसले. मी ती केरसुणी गिरणीच्या दाराआडच ठेवली. सासूबाई तेव्हा देवळात होत्या. संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, हात लांब ठेवा, आत्याबाई. त्यांनी टाकीकडे बघून हात जोडले. आमचं कुलदैवत पोखर्णीचा नृसिंह, खांबातून प्रकटलेला. न दिसणाऱ्या आगीचं त्यांना काहीच नवल वाटलं नाही, आणि तिथेच माझं बोलणं वाया गेलं.

खंडेनवमीला ह्यांनी इंजिन धुतलं, टाकीला झेंडूची माळ घातली. पूजेत दिसायला नको म्हणून दाराआडची केरसुणी सासूबाईंनी सकाळीच घरात नेऊन ठेवली होती.

"झाकण काढ," त्या ह्यांना म्हणाल्या. "बंद दारापुढं कुनी ओवाळतंय का?"

"माय, वरून आत पानी जाऊ देऊ नका म्हनले सायेब."

"पानी कशाला जायलंय?"

आईपुढे ह्यांचं कधी काही चाललं नाही. झाकण निघालं. मग ह्यांनी समोरच्या दगडावर नारळ आपटला आणि पाणी उडालं. टाकीत चर्र झालं. सासूबाई ओवाळतच होत्या. भप्प असा हलका आवाज आला आणि पुन्हा सगळं शांत. ऊन लखलखत होतं. टाकीवर काही म्हणजे काही नव्हतं. फक्त माळेतली ताजी फुलं एकेक करून आक्रसत होती, काळी पडत होती, आणि माझ्या तोंडावर ऊब येत होती.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. आरती घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"माय!" हे ओरडले. मी दाराआड हात घातला, कोपरा रिकामा होता. मग पदर धरून मी त्यांना मागे ओढलं आणि आम्ही दोघी पडलो. आग मला पहिल्यांदा दिसली ती त्यांच्या बाहीवर, पिवळी, एवढीशी. ती मी मातीने विझवली.

परभणीच्या दवाखान्यात त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. हात राहतील, पण मूठ वळेल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला रडू आवरेना. हे उशाशी बसून परत परत समजावत होते, माय, गॅस होता तो, नुसता गॅस. सासूबाईंनी तोंड फिरवलं. हे चहाला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुला दिसला का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

"मलाबी न्हाई. पन ऊब लागली का न्हाई? खरं सांग."

मला खोटं बोलायचं नव्हतं.

"लागली," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि पट्ट्यांनी जाड झालेले ते दोन्ही हात सावकाश उचलून डोळ्यांना लावले.