ऊन दाखवलेल्या तबकड्या

ऐंशीच्या दशकात मी मालवणात मास्तरकी करत होतो. ज्यांच्या घरी भाड्याने राहायचो, ते अंकल बोटीवरची नोकरी संपवून गावी परतलेले ख्रिश्चन गृहस्थ. बोटीवरून लोक घड्याळं आणायचे, अत्तरं आणायचे. अंकलनी आणल्या गाण्यांच्या तबकड्या. त्याही साठच्या दशकाच्या अखेरीस एखाद-दुसरी तबकडी काढून कायमच्या गप्प झालेल्या, कुणाला ठाऊकही नसलेल्या गोऱ्या पोरांच्या. बंदरावरच्या दुकानांत न खपलेला माल म्हणून त्या कोपऱ्यात पडलेल्या असायच्या. मोठ्यांचं ऐकायला सगळं जग आहे, ह्यांचं कोण ऐकणार, असं अंकलचं म्हणणं.

सुरुवातीला मी जाम वैतागायचो. संध्याकाळी वह्या तपासायला बसावं, तर भिंतीपलीकडे कुणी सतार वाजवतंय की तिच्यावरची धूळ झाडतंय, कळायचं नाही. मधेच घंटा, मधेच उलटी फिरवलेली टेप, आणि बागेतल्या चहाबद्दल अतिशय गंभीरपणे गाणारा एक किनरा आवाज. पण ऐकता ऐकता मला त्या पोरांचं कौतुक वाटू लागलं. येत नसलेली सतारसुद्धा ती किती जीव लावून वाजवत होती! पुढे पुढे वह्या तशाच राहायच्या आणि मी अंकलच्या पडवीत असायचो.

एका ऑक्टोबरात अंकल बहिणीकडे आरोंद्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. नेमकी तेव्हाच मिठबावहून आई आली होती. तिचा हात रिकामा राहील तर शपथ. पावसाळा सरला की आमच्याकडे गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवतात. अंकलची खोली झाडायला गेलेल्या आईला तबकड्यांच्या पाकिटांवर बुरशी दिसली. मी शाळेतून आलो, तेव्हा खळ्यात, वाळत घातलेल्या भाताशेजारी, चटईवर सगळ्या तबकड्या ओळीने पडल्या होत्या. कडा पापडासारख्या वर आलेल्या.

“बुरशी इली होती, म्हणान उन्हात घातलंय,” आई समाधानाने म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. ह्या पुन्हा जगात कुठे मिळायच्या नाहीत, हे सांगितल्यावर अंकल येईपर्यंत ती धड जेवली नाही.

अंकल आले. आईने स्वतःच सगळं सांगून टाकलं. त्यांनी एकेक तबकडी लावून पाहिली. सुई उडून पडायची. बागेतल्या चहाच्या गाण्यावर तेवढी ती टिकली, पण सूर वर चढायचा आणि खाली यायचा. आई पदराचं टोक पिळत उभी होती. अंकलनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“बसा, वयनी. ह्यां गाणां मी बोटीर आयकललंय. तेव्हा तां असांच हलत होतां.”

आईला रडूच आलं. मग तिने बसून अख्खं गाणं ऐकलं, आणि त्यानंतर मालवणात आली की तेच लावायला सांगायची. त्या एका वाक्यासाठी मी अंकलचा जन्मभराचा ऋणी आहे.

आता दोघंही नाहीत. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने ते गाणं कुठूनसं शोधून मला फोनवर पाठवलं. स्वच्छ, सरळ, एकही हेलकावा नाही. पोरांनी ते असंच गायलं असणार. मी विद्यार्थ्याचे मनापासून आभार मानले आणि गाणं अर्ध्यावर बंद केलं. मला ते आईने वाळवलेलंच लागतं.