आठ गाण्यांचा अल्बम

धुळ्याला कॉलेजात असताना इंग्रजी गाण्यांवर मी फार फटकळ बोलायचो. कुणी नवी कॅसेट आणली की होस्टेलची पोरं ती आधी मला ऐकवायची, आणि मी निकाल द्यायचो. एका गाजलेल्या पॉप गायकाबद्दल म्हणालो होतो, आवाज गुळगुळीत, पण गाण्यात माणूस घरी नाही. एका रॉक बँडचा गिटारवाला मला सहनच व्हायचा नाही. तो वाजवायला लागला की पाचोऱ्याहून भुसावळला जाऊन यावं, तरी याचं चालूच. शिकवणी कुणाची नव्हती, कान माझे होते, आणि त्यांचा मला भयंकर माज होता.

कॅसेटा मी नानांकडून भरून घ्यायचो. बाजारातल्या एका बोळात त्यांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. त्यांच्याकडे मोठ्या तबकड्या होत्या, आपण कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली न्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटवर ते दोन अल्बम बसवायचे, एका बाजूला एक. गाणं कधी मध्येच तुटलं नाही. याचं श्रेय मी त्या त्या बँडलाच देत होतो.

एक अल्बम माझ्या जिवाचा होता. आठ गाणी, एकही फालतू नाही. तिसरं गाणं दणदणीत संपतं आणि लगेच चौथं अगदी हळू सुरू होतं. या उडीवरूनच बँडची अक्कल कळते, असं मी निदान पन्नास जणांना ऐकवलं असेल.

शेवटच्या वर्षी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एका निवृत्त गार्डसाहेबांच्या घरी जाणं झालं. त्यांच्याकडे तोच अल्बम तबकडीवर होता. मी ती पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होतो, तरी त्या उडीचं कौतुक सुरू केलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तबकडीचं पाकीट उलटं करून मागची यादी दाखवली. "आठ कहाँ? दस हैं." मग त्यांनी तबकडी लावली. तिसरं गाणं संपलं, आणि मी कधी न ऐकलेलं काहीतरी सुरू झालं. साहेबांच्या बायकोने चहा पुढे केला. ती उडी बँडची नव्हतीच. नानांची होती. चार वर्षं मी नानांची निवड ऐकत होतो आणि मतं माझी म्हणून मिरवत होतो. इतकं फसवल्यासारखं मला पुढे लग्नकार्यात किंवा नोकरीतही वाटलं नाही. साहेब पुढचं काही सांगत होते, ते ऐकवेना. चहा संपवून उठलो.

दुसऱ्या दिवशी थेट नानांचं दुकान गाठलं. भांडायचंच ठरवून गेलो होतो.

"नाना, गाणी कापायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

नाना मुळीच ओशाळले नाहीत. "अरे भाऊ, तुले काय आवडस ते माले मालूम शे. रद्दी मी आधीच काढी टाकस." मग तोच अल्बम लावून हेडफोन माझ्या हातात दिला. "आईक आते."

गाळलेली दोन्ही गाणी पूर्ण ऐकली. ती चांगली निघावीत म्हणून मी अक्षरशः आसुसलो होतो. एक तरी ओळ, एक तरी ठेका सापडला असता तर नानांना तिथेच आडवं केलं असतं. पण गाणी भिकार होती. पहिलं उगाच लांबवलेलं, दुसरं नुसतं रडगाणं.

हेडफोन काढला. माझ्या तोंडात त्यांचाच शब्द आला होता, रद्दी. तो माझा स्वतःचा होता की चार वर्षांत त्यांनीच माझ्यात भरून ठेवला होता, हे काही केल्या कळेना.

होस्टेलवर पोरं नवी कॅसेट घेऊन वाट बघत होती. मी ती दोन्ही बाजूंनी ऐकली आणि म्हणालो, बरी आहे. त्यांना वाटलं मला ताप आलाय.