कोयता मी ठेवून घेतला नाही

माझ्या बापाने भर चौकात कान धरले, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

बाप सातपूरच्या कंपनीत कामाला. रात्रपाळी करून आला आणि दळण आणायला गिरणीवर गेला. समोर आमच्या भागातल्या दादाच्या वाढदिवसाचा बोर्ड होता. बापाने सायकल त्या बोर्डाला टेकवली. एवढंच. बाहेर आला तर दादा आणि त्याची पोरं उभी. दादा नगरसेवकाचा भाचा. वय पंचवीस. बाप पंचेचाळीसचा.

"चूक झायी, दादा." बाप घाबरला की सटाण्याकडची बोली यायची त्याच्या तोंडात.

"काय झायी? परत बोल!"

वीस उठाबशा. पोरं मोठ्याने मोजत होती. मी आठवीत, दप्तर घेऊन उभी. शेजारी सतरा वर्षांचा माझा भाऊ. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

बाप त्या दिवशी जेवला नाही. भाऊ म्हणाला, "मला कुणी असं करायला लावणार नाही."

मला वाटलं, हा दादाला मारणार. तो दादाकडेच गेला. आधी बोर्ड बांधायचा. मग टपऱ्या उलथवायला लागला. मग माणसांचे हात मोडायला.

आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. नळावर बायका माझा हंडा पुढे घ्यायच्या. रस्त्यात कुणी छेड काढायचं नाही. भीती होती ती. मी तिला मान समजले.

दोन वर्षांनी, एका दुपारी भाऊ मागच्या दाराने आत आला. शर्टावर रक्त. गोणपाटात गुंडाळलेला कोयता माझ्यापुढे धरला.

"तांदळाच्या डब्यात ठेव. दादाने सांगितलंय."

"कुणाचं रक्त आहे?"

"फुलवाल्या गणेशचं. दादाने पाठवलं होतं. मेला तो."

गणेश माझ्या वर्गात होता. मखमलाबादहून शेवंतीच्या पाट्या आणायचा. दादाच्या ऑफिससमोरून पाटी हलवायला त्याने नकार दिला होता. माझ्या बापाच्या चुकीएवढीच त्याची चूक.

"नाही ठेवणार," मी म्हणाले.

"तुमच्यासाठीच केलं ना सगळं!"

मी पुढचं दार उघडलं आणि ओरडले. गल्ली गोळा झाली. भाऊ कोयता टाकून पळाला. तासाभरात पोलिसांना नाक्यावर सापडला.

संध्याकाळी दादा आमच्या खाटेवर येऊन बसला. बाप उभा.

"काका, पोरीला समजवा. तिने काही पाहिलेलं नाही."

"नाही पाहिलं," बाप म्हणाला.

"मी पाहिलंय," मी म्हणाले.

बापाने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. दादा हसला आणि निघून गेला.

कोर्टात मी सगळं सांगितलं. भावाला जन्मठेप झाली. आई माझ्या हातचं पाणी घेत नाही. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मला भाऊ आठवतो, रोज. पण साक्ष फिरवावी असं एकदाही वाटलं नाही.

दादाचं नाव आरोपपत्रात नव्हतंच. पुढे तो स्वतः नगरसेवक झाला. मत मागायला आमच्या गल्लीत आला, मागे सोळा-सतरा वर्षांची नवी पोरं, गळ्यात पक्षाचे पट्टे. माझ्या दाराशी येऊन त्याने हात जोडले. मी त्या पोरांकडे बघून म्हणाले, "गणेशला मारायला यानेच पाठवलं. पाठवलेला माझा भाऊ जेलमध्ये आहे. हा तुमच्यापुढे उभा आहे."

पोरांनी दादाकडे बघितलं. दादाचे हात खाली आले.

लोक म्हणतात, घर विक, दुसरीकडे राहा. मी जाणार नाही. तो जितक्या वेळा या गल्लीत येईल, तितक्या वेळा मी हे बोलेन. त्याच्या पोरांसमोर. मोठ्याने.