जैतूनआपाची झाकलेली थाळी

जैतूनआपाच्या हातात झाकलेली थाळी दिसली, की आमच्या इमारतीतल्या बायका आधी वास घेत आणि मग आठवायला लागत, की आपण एवढ्यात असं काय केलं. कारण आपा ज्याच्याबद्दल पाठीमागे बोलायची, त्याच्या घरी खायला घेऊन यायची. दारातच थाळी पुढे करायची आणि म्हणायची, "माफ केलं म्हन." अयान आणि झोया, तुम्ही मेलबर्नला वाढलात. तिथे शेजारीण दिसते ती बहुधा गाडीच्या काचेतून. म्हणून ही माझी शेजारीण तुम्हाला नीट दाखवते.

आम्ही पनवेलच्या या इमारतीत राहायला आलो, तेव्हा प्रत्येक खोक्यावर मी लेबल लावलं होतं. 'स्वयंपाकघर, काच'. 'स्वयंपाकघर, स्टील'. तुमच्या दादाअब्बांची पुस्तकंसुद्धा विषयवार. हमाल खोकी वर आणत होते आणि समोरच्या दारात गोल चेहऱ्याची, माझ्याहून थोडी मोठी एक बाई तोंडावर ओढणी धरून बघत होती. संध्याकाळी तीच बाई सांदणं घेऊन आली. सांदण म्हणजे तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधातली, वाफवलेली गोड वडी. आपाची सांदणं कापसासारखी असत.

"माफ केलं म्हन."

"कशाबद्दल?"

"ता नको इचारू. सांदनं ऊन हायत."

मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. न वाचलेल्या पेपरवर कधी मार्क दिले नाहीत. मी सांदणं ठेवून घेतली, माफी दिली नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. आपल्या धर्मात, दीनमध्ये, माणसाच्या पाठीमागे त्याला खटकेल असं बोलणं म्हणजे गीबत, आणि ती मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखी मानली आहे. "पण दादी, खरं असेल तर?" असं झोया लगेच विचारेल. खरं असलं तरच ती गीबत. खोटं असलं तर ते बोहतान, म्हणजे आळ, आणि तो त्याहून मोठा गुन्हा. आपा या बाबतीत फार काटेकोर होती. तिने कुणाबद्दल एक शब्द खोटा सांगितला नाही. म्हणून तर लोक कान देऊन ऐकत.

नमाज, रोजा चुकला तर तो अल्लाह आणि बंदा यांच्यातला मामला. तौबा करता येते. पण माणसाचं काही देणं लागत असेल तर ते त्या माणसानेच सोडावं लागतं. नाहीतर कयामतीला आपल्या नेक्या, म्हणजे आपलं पुण्य, उचलून त्याला दिल्या जातात. आपाला याचा फार राग यायचा. "अर्ध्या रात्री तहज्जुदच्या नमाजला मी उठायचं, थंड पान्यानं हातपाय धुवून वजू मी करायची, आनि सवाब त्या तळमजल्यावरच्या साबेराच्या घरी? ती तर घोरत पडलेली असते गो." एवढं बोलून ती जीभ चावायची. "झाली परत गीबत," म्हणायची आणि साबेरासाठी कोलंबी साफ करायला बसायची.

थाळी पाठवा असं कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या मौलानांनी तिला तसं सांगितलंही होतं. आपा म्हणाली, "रिकाम्या हातानं माफी मागायची मना लाज वाटते." पदार्थावरून गुन्ह्याचं वजन कळायचं. साडीच्या रंगाबद्दल बोलली असेल तर घावन. सुनेबद्दल असेल तर खिम्याच्या करंज्या. कोलंबीचा पुलाव आला, की घरातली माणसं एकमेकांकडे बघायची. रमजानमध्ये तर मोठा घोटाळा. तेव्हा इफ्तारला सगळेच एकमेकांकडे ताटं पाठवतात, त्यामुळे आपाची थाळी शेजारधर्माची की गीबतीची, हे कुणाला सांगता येईना. साबेरा एका वर्षी रुसून बसली. महिना झाला, थाळी नाही. "माझ्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही का?" असं ती मला विचारत होती.

माझ्याकडे थाळ्या येत राहिल्या. मी खात राहिले आणि प्रत्येक वेळी विचारत राहिले, "कशाबद्दल?" आपा मला टीचर म्हणायची. "टीचर खाते, पन पास करत नाय," असं ती जिन्यात सगळ्यांना सांगायची. त्याबद्दलही मला शेवयांची खीर मिळाली.

मग आपाचा हजला जायचा नंबर लागला. हजला निघण्याआधी आपल्यात घरोघर जाऊन कहा-सुना, म्हणजे बोललं-ऐकलं, माफ करून घेतात. आपाने सगळ्या इमारतीकडून, मागच्या गल्लीकडून, करंजाहून मासे आणणाऱ्या बाईकडूनसुद्धा माफी घेतली. राहिले मी. निघायच्या दिवशी सकाळी ती आली, नवी पांढरी ओढणी घेऊन, थाळीशिवाय. घरची भांडी बांधून ठेवली होती.

"टीचर, मस्करी पुरे. ह्या ओझ्यानं मी काब्यासमोर उभी नाय ऱ्हानार."

"मग सांग, काय बोललीस."

"मौलाना म्हनाले, सांगितलं तर तुना वाईट वाटंल. सांगू नको."

मी कपाटातून माझं मसल्यांचं, म्हणजे धर्माच्या नियमांचं, इंग्रजी पुस्तक काढलं. आपण कोकणी शाफई पंथाचे, आणि आपल्या शाफई उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, यावर दोन मतं आहेत. मी तिला समजावलं, की पहिला गट म्हणतो, काय बोललो ते सांगून माफी मागावी, कारण माणूस एक गोष्ट माफ करेल, दुसरी करणार नाही.

"आनि दुसरा गट?"

"न सांगताही चालतं म्हणतो. माफ करणाऱ्याने मन मोठं करावं."

"मी दुसऱ्या गटातली."

"मी पहिल्या."

खाली तिच्या मुलाने गाडीचा हॉर्न वाजवला. आपाने खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सोफ्यावर मांडी घालून बसली. "तपास मग पेपर. तुझी खोकी बघून म्हनले, ही बाय नवऱ्यालापन लेबल लावंल."

"पुढे."

"तुझ्या चायपेक्षा वजूचं पानी रंगदार. तुझ्या सांदनानं पोरं कॅरम खेळतील."

मला हसू आवरेना, तरी मी चेहरा टीचरचा ठेवला.

"साबेराच्या लेकीची लग्नाची पत्रिका तू लाल पेनानं सुधारून परत दिलीस."

"चुका होत्या त्यात."

"होत्या म्हनून तर गीबत. नसत्या तर बोहतान झाला असता."

तिथे आम्हा दोघींना हसू फुटलं. ती ओढणीत तोंड खुपसून हसत होती, मी पुस्तक पोटाशी धरून. हॉर्न वाजत होता. ती एकेक आठवून सांगत होती आणि मी प्रत्येकाला "माफ, माफ" म्हणत हात हलवत होते. मग ती एकदम थांबली. ओढणी खाली आली.

"एक ऱ्हायली. ही नाय सांगवत. तुझा नवरा वारला त्या सालातली हाय."

त्या वर्षी मी कशी वागले होते, मला ठाऊक आहे. माझ्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आपाचे डोळे हसण्याने आधीच ओले होते, आता कशाने ओले आहेत ते कळेना. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते, थाळी नसल्यामुळे काय करावं ते न कळल्यासारखे.

"माफ केलं," मी म्हटलं.

"न वाचता?"

"मी दुसऱ्या गटात आले."

ती उठली, माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि जिना उतरताना ओरडून साबेराला सांगितलं, "टीचरनं पास केलं गो."

हजहून ती मक्केचं पवित्र पाणी आबेजमजम आणि खजूर घेऊन आली, आणि घरात पाय ठेवण्याआधी विमानात शेजारी बसलेल्या बाईच्या घोरण्याची हकीकत सांगू लागली. मध्येच थांबून कपाळावर हात मारला. त्या बाईचा पत्ता कुणाकडेच नव्हता. थाळीऐवजी तिच्यासाठी आपा अजून दुआ करते.

आता ती रोडपालीला मुलाकडे राहते. आणि मी तिच्या पाठीमागे तुम्हाला एवढं सगळं लिहिलं आहे. प्रत्येक शब्द खरा आहे, त्यामुळे ही गीबत झाली यात दोन मतं नाहीत. म्हणून आज सकाळी मी सांदणं वाफवली. नेहमीसारखीच फुगली नाहीत, घट्ट बसली. दुपारी रिक्षा करून रोडपालीला जाणार आहे. दार उघडलं की थाळी पुढे करून म्हणेन, "माफ केलं म्हण." ती थाळीवरचा रुमाल उचलून बघेल, माफ करेल, आणि मी जिना उतरले की सुनेला माझ्या सांदणांबद्दल काहीतरी सांगेल.

म्हणजे एवढ्यात माझ्याकडे थाळी येणार. कोलंबीचा पुलाव असावा, अशी माझी आशा आहे.