उल्हास टिपणीस आणि पाच नंबरची विहीर

उल्हास टिपणीस १९९६ साली दुबईला जायला म्हणून निघाला आणि फुजैऱ्याला पोचला. विमानतळावरून कंपनीची गाडी दोन तास डोंगरांतून वळसे घेत राहिली आणि समुद्र दिसल्यावर थांबली. "दुबई?" त्यानं विचारलं. "दुबई खलास," ड्रायव्हर म्हणाला. "कधीच मागे राहिली."

डोंगरपायथ्याच्या शेतांवरच्या सात विहिरींत पाणी किती खोल आहे ते महिन्यातून एकदा मोजायचं आणि अहवालात भरायचं, एवढंच काम. पाण्याला टेकली की पीं वाजणारी टेप सोडायची, आकडा लिहायचा. तीन वर्षं त्यानं हे इमानेइतबारे केलं. मग १९९९च्या जुलैत गाडीचा एसी बंद पडला. उल्हास मसाफी गावाच्या अलीकडे एका कॅफेटेरियात घोटभर चहा प्यायला थांबला आणि सातही आकडे तिथंच लिहून मोकळा झाला. मागच्या महिन्याच्या आकड्यात दोन सेंटिमीटर मिळवले, बस्स. कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या महिन्यात एसी दुरुस्त झाला. उल्हास झाला नाही. चार वर्षं तेच कॅफेटेरिया, तोच पराठा, तेच दोन सेंटिमीटर. त्याचा आलेख इतका गुळगुळीत यायचा की कंपनीनं तो माहितीपत्रकावर छापला.

२००३ मध्ये पुण्याहून राजन सर नवे मॅनेजर म्हणून आले आणि पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "नेक्स्ट मंथपासून मी पण फील्डवर येणार."

आता पितळ उघडं पडणार, या भीतीतून उल्हासला कल्पना सुचली.

"सर, जायचंच कशाला?" तो म्हणाला. "विहिरीत तरंगा सोडू, वर एक भंगार लॅपटॉप आणि वायरलेस कार्ड. हमदुल्लाचा गोड्या पाण्याचा टँकर एक दिवसाआड सगळ्या शेतांवर जातो. त्याच्या केबिनमध्ये दुसरा लॅपटॉप ठेवू. टँकर जवळ आला की आकडे आपोआप त्यात उतरतील. संध्याकाळी तो आपल्या ऑफिससमोर लागतो, तेव्हा आपण घ्यायचे. इंटरनेट नको, तार नको."

"कॉस्ट?"

"विहिरीला सातशे दिऱ्हाम. म्हणजे नऊ हजार रुपये."

हेच आकडे सॅटेलाइटनं आणून देणाऱ्या कंपनीचं महागडं कोटेशन राजन सरांच्या टेबलावरच होतं. त्यांनी ते उलटं करून ठेवलं आणि म्हणाले, "यल्ला, चला, करा."

अँटेना उल्हासनं दुधाच्या पावडरच्या डब्यांच्या केल्या. सात डबे रिकामे करायचे म्हणून बायकोला, अनुराधाला, आठवडाभर रोज बासुंदी करावी लागली. "नोकरी करताय की पत्र्याचं दुकान काढताय?" ती म्हणाली. मुलगी मिहिका म्हणाली, "Baba, please don't tell anyone at school." विहिरींवर सगळं बसवायला मात्र वर्कशॉपचा अजीज गेला. उल्हास कशाला जाईल?

पहिल्या संध्याकाळी टँकर लागला आणि आकडे आले. सहा विहिरी मीटर-दोन मीटर इकडे तिकडे. पाच नंबर मात्र: एकतीस मीटर. उल्हासच्या कागदावर अठरा होते.

"अजीजनं उलटं बसवलं असणार," तो राजन सरांना म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेला. चार वर्षांत पहिल्यांदा.

शेत राखणारा नूरुद्दीन खजुराच्या झाडांखाली उभा होता. निम्मी झाडं वाळून झाडूसारखी झाली होती. उल्हासनं टेप सोडली. अठरा मीटर गेले. पंचवीस गेले. तीस मीटरला टेपच संपली आणि पीं काही वाजलं नाही.

"पानी तो दो साल से नीचे है, साहब," नूरुद्दीन म्हणाला. "आपको मालूम नहीं? आप ही तो नापते हैं।"

तो टोमणा असता तर उल्हासनं झेलला असता. पण नूरुद्दीन खरोखरच विचारत होता. बोलता बोलता त्यानं आणखी एक सांगितलं. अहवालात पाणी भरपूर दिसतं म्हणून मालक शेजारीच दुसरी विहीर खणून मोठा पंप बसवणार होता. काम पुढच्या शनिवारी सुरू.

परत येताना उल्हास कॅफेटेरियासमोरून गेला आणि थांबला नाही. ऑफिसात शिरून उभ्याउभ्याच त्यानं राजन सरांना सगळं सांगितलं, पराठ्यासकट.

राजन सरांनी छापील आलेखाचं माहितीपत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं. "हे कुणाला बोललायस?"

"नाही."

"मग मशीनमधून तेरा मीटर वजा कर. हळूहळू खाली आणू. दोन वर्षांत मॅच होईल."

उल्हास स्वतः खोटारडा होता, पण आळशी खोटारडा. इतकं मेहनतीचं खोटं त्याला झेपणारं नव्हतं. "सर, शनिवारी पंपाचं काम सुरू होतंय," तो म्हणाला. "आहे ते पाणीही तो वर्षभरात ओढून टाकेल." आणि त्यानं स्वतःच्या नावानं एकपानी पत्र लिहिलं. १९९९ पासूनचे आकडे मी बसून लिहिले आहेत, विहिरीवर न जाता. एक प्रत मालकाला, एक सरकारी खात्याला. स्पेलिंग अनुराधानं तपासलं. तिनं 'बसून' या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, "हे लिहायलाच हवं का?"

"तेवढंच तर केलं," उल्हास म्हणाला.

पंप रद्द झाला. मालकानं निम्मं शेत पडीक ठेवलं. माहितीपत्रकं रद्दीत गेली. उल्हासचं इंजिनिअरपद काढून त्याला फील्ड असिस्टंट केलं. घालवलं नाही, कारण ते डबे चालू ठेवणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. मशीनवर विश्वास बसेपर्यंत दर शनिवारी हातानं मोजून पडताळा घ्यायची त्याला शिक्षा झाली.

सहा महिन्यांनी राजन सर म्हणाले, "आता नको जाऊ. इन्शाल्ला, मशीन बरोबर आहे."

पुढच्या शनिवारी उल्हास पन्नास मीटरची नवी टेप घेऊन पाच नंबरच्या काठावर उभा होता. खाली पीं वाजलं. नूरुद्दीननं वाकून आकडा बघितला आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाला, "तीस मीटर, नब्बे।"

"नब्बे नहीं," उल्हास चष्मा पुसत म्हणाला, "अट्ठासी।" आणि त्यानं टेप पुन्हा एकदा खाली सोडली.