आवाज घरमालक, नेट भाडेकरू

मोडीतल्या ट्रॅक्टरपासून मी धंदा उभा केला, भल्याभल्यांना सौद्यात घाम फोडला. पण उभ्या आयुष्यात मला एकच माणूस पुरून उरला, तो म्हणजे आमच्या तिसगावचा टेलिफोनचा लाइनमन. माझ्या दुकानात एकाच तांब्याच्या तारेवरून फोनही येतो आणि इंटरनेटही. मला हवं इंटरनेट, कारण जुन्या ट्रॅक्टरचे सौदे आता व्हिडिओवर होतात. या गृहस्थांच्या मते मात्र तार जन्मली ती आवाजासाठी. “शेठ, आवाज घरमालक हाय, नेट भाडेकरू. मालक धडधाकट असला म्हंजी झालं.” त्यामुळे नेट बंद पडलं म्हणून बोलवावं, तर हे मॉडेमकडे ढुंकूनही न पाहता फोन उचलत आणि स्वतःच्या घरी लावत. पलीकडे त्यांची बायको. “ऐकू येतंय का गं?” “येतंय की. येताना कोथिंबीर आना.” झाली लाइन दुरुस्त! मॉडेमचा लाल दिवा तसाच. मी तोंडाला येईल ते बोलायचो, ते शांतपणे माझाच चहा प्यायचे.

त्यात आमच्या लाइनची खोड अशी, की फोनची घंटा वाजली की नेट तुटायचं. एकदा पाथर्डीचं एक गिऱ्हाईक व्हिडिओवर अगदी विरघळत आलं होतं, ‘बरं, द्या’ एवढंच म्हणायचं उरलं होतं, तेवढ्यात घंटा वाजली. नेट गेलं, गिऱ्हाईक गेलं. फोनवर लाइनमनची बायको, आमच्या वहिनी. “भाऊ, हे तिथंच हायेत का? आलं बी आनाया सांगा.”

ती जखम अजून ओली आहे. त्याच दिवशी मी लाइनमनना बजावलं, फोन काढा, नुसतं नेट ठेवा. त्यांचा चेहरा उतरला.

“समद्यांनी फोन काढला, शेठ. माझ्या घरचा सोडला तर तुमचा एकट्याचाच राह्यलाय. मंग मी तिला लावू कुठनं?”

“खिशात मोबाईल आहे ना?”

“त्यो काय मी दुरुस्त केलेला न्हाई.”

मग मी सौदा केला: तुम्ही रिटायर होईपर्यंत फोन ठेवतो, बदल्यात ही खोड काढा. त्यांनी मान डोलावली. ते रिटायर झाले. खोड अजून नोकरीत आहे, आणि फोनही.

परवा भर दुपारी, सौदा रंगात असताना घंटा वाजली. नेट गेलं. शिवी ओठावर घेऊनच मी फोन उचलला. वहिनी होत्या.

“भाऊ, तुमची लाइन बिघडली का हो? न्हाई, हे सकाळधरनं चप्पल घालून, पिशवी घेऊन दारात बसल्यात.”

आवाज इतका स्वच्छ, जणू त्या दुकानातच उभ्या होत्या.

“फार खरखर आहे, वहिनी,” मी म्हणालो. “काहीच ऐकू येत नाही. पाठवा त्यांना.”